मेंटेनन्स आणि अपग्रेडनंतर एमआरआयच्या इमेज तपासताना

एमआरआय मशीनचं मेंटेनन्स किंवा सॉफ्टवेअर अपग्रेड झालं की पहिला प्रश्न हाच येतो की पेशंट कधीपासून घ्यायचे. इंजिनिअरचा रिपोर्ट हातात असतो, प्रत्येक टेस्टपुढे पास लिहिलेलं असतं, वेटिंग लिस्ट लांबलेली असते आणि सगळ्यांना घाई असते, आणि ती घाई चुकीची आहे असं मी म्हणणार नाही कारण त्या लिस्टमध्ये खरोखर आजारी माणसं असतात. पण तो रिपोर्ट एवढंच सांगतो की मशीन कंपनीच्या मर्यादेत आहे. रिपोर्टिंग करणारे डॉक्टर मात्र सहा महिन्यांपूर्वीचा स्कॅन आणि आजचा स्कॅन शेजारी शेजारी लावून बघणार असतात, गाठ वाढली की कमी झाली ते ठरवणार असतात, त्यांच्यासाठी मशीन मर्यादेत आहे एवढं पुरत नाही, ते आधीसारखंच आहे का हे कळायला हवं.

या वेळी आमच्या १.५ टेस्लाच्या मशीनवर दोन कामं एकापाठोपाठ ठरली. आधी नेहमीचं मेंटेनन्स आणि त्यातच ग्रेडियंट ॲम्प्लिफायरचा (इमेजमधली जागा ठरवणाऱ्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राला, म्हणजे ग्रेडियंटला, वीज पुरवणारं युनिट) एक भाग बदलणं, आणि ते झालं की लगेच नवीन सॉफ्टवेअर व्हर्जन. इमेज क्वालिटीच्या टेस्ट माझ्याकडे असतात, तर मी एकच गोष्ट मागितली, मला तीनदा मोजू द्या. काम सुरू व्हायच्या आधी, हार्डवेअर झाल्यावर पण सॉफ्टवेअर टाकायच्या आधी, आणि सगळं झाल्यावर. पहिल्या आणि शेवटच्या मोजणीला कुणाचा विरोध नव्हता, मधलीला होता. मशीन तेवढा वेळ अडकून राहणार आणि शेवटी परत सगळं मोजायचंच आहे ना मग मध्ये कशाला, असं म्हणणं होतं. माझं म्हणणं असं की शेवटी काही वेगळं आलं तर ते नवीन पार्टमुळे आलं की नवीन सॉफ्टवेअरमुळे हे सांगायला दुसरा काही मार्गच उरत नाही, मग इंजिनिअर एकीकडे शोधणार, ॲप्लिकेशनवाले दुसरीकडे, आणि मशीन त्याहून जास्त वेळ बंद राहणार. विभागप्रमुख डॉक्टरांना हे पटलं म्हणून ती मधली मोजणी झाली, आणि पुढे जे काही समजलं ते त्या मोजणीमुळेच समजलं.

ही मोजणी पेशंटच्या जागी फँटम ठेवून होते, तो म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. आम्ही एसीआरचा (अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीचा) मोठा फँटम वापरतो, ॲक्रिलिकचा बंद दंडगोल, आतली लांबी १४८ मिमी आणि आतला व्यास १९० मिमी, आत निकेल क्लोराइड आणि मीठ घातलेलं पाणी, आणि त्या पाण्यात वेगवेगळ्या रचना बसवलेल्या. बारीक छिद्रांच्या जाळ्या असतात रेझोल्यूशन बघायला, तिरके उतार असतात स्लाइसची जाडी बघायला, पाचरी असतात स्लाइसची जागा बघायला, आणि पातळ चकत्या असतात ज्यांच्यातल्या छिद्रांचा कॉन्ट्रास्ट अगदी जेमतेम असतो. तसं बघितलं तर एमआरआयची सुरुवातच फँटमपासून झालीय, पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये जी पहिली इमेज छापली ती माणसाची नव्हती, पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची होती. मला ही गोष्ट फार आवडते.

फँटम बसवण्याला लोक फार हलक्यात घेतात. तो आदल्या दिवसापासून स्कॅन रूममध्येच ठेवायचा, कारण पाण्याचं तापमान बदललं की टी१ (सिग्नल पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) बदलतो आणि सिग्नलही बदलतो. हेड कॉइलमध्ये (डोक्याभोवती बसणारा, सिग्नल पकडणारा अँटेना) ठेवताना लेव्हल लावून सरळ करायचा (लेव्हल प्लास्टिकची, लोखंड असलेली कुठलीही वस्तू आत न्यायची नाही हे वेगळं सांगायला नको), खाली फोमचे तेच तुकडे, त्याच जागी. आणि टेबल आत गेल्यावर लगेच स्कॅन सुरू करायचा नाही, आतलं पाणी हललेलं असतं ते शांत व्हायला वेळ द्यायचा, नाहीतर हलणाऱ्या पाण्याचे घोस्ट (इमेजवरच्या खोट्या सावल्या) दिसतात आणि मग माणूस मशीनमध्ये दोष शोधत बसतो. मी बसवलेल्या फँटमचे फोटो काढून ठेवते, कॉइलच्या कुठल्या खुणेला कुठली कडा लागते ते सुद्धा, म्हणजे ड्युटीवर दुसरं कुणी असलं तरी त्याच पद्धतीनं बसतो.

कामाच्या आधीची मोजणी सरळ झाली. मशीन चालू होतं, तक्रार नव्हती, जुन्या नोंदींशी आकडे जुळत होते. त्यात सेंटर फ्रिक्वेन्सी लिहून ठेवली (१.५ टेस्लाला पाण्यातल्या हायड्रोजनची फ्रिक्वेन्सी ६४ मेगाहर्ट्झच्या जरा खाली असते), ती रोजच लिहायला हवी खरं तर, कारण ती दिवसेंदिवस अगदी किंचित सरकते आणि एकदम उडी मारली तर काहीतरी घडलंय असं समजायचं, कधी कधी बोअरमध्ये कुणाची हेअरपिन अडकलेली असते आणि पहिली शंका त्या आकड्यावरूनच येते. आणखी एक केलं, सगळ्या प्रोटोकॉलची (कुठला स्कॅन कुठल्या सेटिंगवर घ्यायचा त्याची) पूर्ण यादी प्रत्येक पॅरामीटरसकट एक्सपोर्ट करून मशीनच्या बाहेर सेव्ह केली. ते पुढे कामाला आलं.

हार्डवेअरचं काम झाल्यावर मधली मोजणी. पहिल्याच सॅजिटल लोकलायझरवर (बाजूनं घेतलेली सुरुवातीची इमेज) लांबी मोजली तर ती आधीपेक्षा जवळपास एक मिलीमीटर कमी. आता इथं गोष्ट अशी आहे की ही लांबी मर्यादेच्या आतच होती, इंजिनिअर सर म्हणाले पण, "मॅडम, लिमिटमध्ये आहे ना, मग?" आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं, त्यांची चेकलिस्ट पूर्ण झाली होती. शिवाय २५० मिमी एफओव्ही (इमेजमध्ये येणारी रुंदी) आणि २५६ चं मॅट्रिक्स (तेवढ्या रुंदीतले पिक्सेल) म्हणजे एक पिक्सेलच जवळपास एक मिलीमीटरचा, तर एका पिक्सेलचा फरक मोजण्यातला पण असू शकतो. म्हणून मी आधी मोजण्यातली शंका काढून टाकली. विंडो लेव्हल (स्क्रीनवर इमेज किती उजळ दिसेल ती सेटिंग) पाण्याच्या सिग्नलच्या बरोबर निम्म्यावर ठेवायची, तरच कडा खऱ्या जागी दिसते, नाहीतर विंडो फिरवली की फँटम लहानमोठा होतो. ती तशी ठेवली, मग फँटम काढून परत बसवला, जास्त मॅट्रिक्स घेऊन परत स्कॅन केला. फरक तसाच राहिला. आडव्या दोन दिशांमधला व्यास मात्र पहिल्यासारखाच, फक्त डोक्यापासून पायाकडे जाणाऱ्या दिशेतच कमी.

लांबी कमी दिसते याचा अर्थ त्या दिशेचा ग्रेडियंट मशीन समजतंय त्यापेक्षा थोडा कमी ताकदीचा आहे. १४८ मध्ये एक म्हणजे पाऊण टक्का सुद्धा नाही. एवढ्यानं काय होतं, असं कुणालाही वाटेल, आणि साध्या गुडघ्याच्या किंवा कंबरेच्या स्कॅनमध्ये खरंच फार काही होणार नाही. पण डिफ्यूजनमध्ये (पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते बघणारा स्कॅन) बी व्हॅल्यू (त्या हालचालीला स्कॅन किती संवेदनशील आहे तो आकडा) ग्रेडियंटच्या ताकदीच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे ग्रेडियंट एक टक्का चुकला की एडीसी (त्या स्कॅनमधून निघणारा डिफ्यूजनचा आकडा) दोन टक्के चुकतो, आणि तो पण फक्त एका दिशेत. रेडिओथेरपीचं प्लॅनिंग ज्या इमेजवर होतं तिथे तर भूमिती चुकलेली चालतच नाही. हे मी इंजिनिअर सरांना कागदावर मांडून दाखवलं, आधीची लांबी, आताची लांबी, तिन्ही दिशा वेगवेगळ्या. त्यांनी ते मनावर घेतलं, ग्रेडियंटचं कॅलिब्रेशन परत चालवलं आणि त्यानंतर लांबी परत आधीच्या आकड्यावर आली. चांगला इंजिनिअर असा असतो, आकडा दाखवला की वाद घालत नाही, कामाला लागतो.

स्लाइसची जाडी, जागा, घोस्टिंग यात काही सापडलं नाही. जागेच्या टेस्टबद्दल एवढंच सांगते की पाचरींमुळे दोन काळ्या पट्ट्या दिसतात आणि त्यांच्या लांबीतला जो फरक असतो त्याच्या निम्मी स्लाइस प्रत्यक्षात सरकलेली असते, बरेच जण पूर्ण फरकच सरकणं समजतात. टेबल किंवा लेझर लाइटला हात लागला असेल तर ही टेस्ट सोडू नये.

पण एक गोष्ट फँटमच्या ठरलेल्या टेस्टमध्ये दिसणारच नव्हती. ठरलेल्या टेस्ट साध्या स्पिन इकोवर (नेहमीच्या, संथ प्रकारच्या स्कॅनवर) होतात, त्यात ग्रेडियंटवर ताण फार कमी पडतो. मेंटेनन्समध्ये कव्हर उघडली गेली असतील तर मी नेहमी एक लांबलचक ईपीआय (फार झटपट इमेज घेण्याची पद्धत) सिरीज चालवते, फंक्शनल एमआरआयला वापरतात तशी, मशीन जोरात थरथरू देते, आणि मग शेकडो इमेज एकामागून एक पळवत बघते, विंडो अशी ठेवून की मागची काळी हवा सुद्धा दिसली पाहिजे. या वेळी मधूनच एखाद्या इमेजवर तिरक्या बारीक रेघा येत होत्या, पुढची इमेज परत स्वच्छ. हा स्पाइक नॉइज. कुठेतरी धातूचा सांधा ढिला असतो, मशीन थरथरलं की तिथे बारीकशी ठिणगी पडते, ती सिग्नलमध्ये शिरते, आणि के-स्पेसमधला (इमेज बनायच्या आधीच्या कच्च्या डेटातला) एकच बिंदू खोटा उजळला तरी पूर्ण इमेजवर रेघा उमटतात. पेशंटच्या स्कॅनमध्ये एखाद्या स्लाइसवर अशी रेघ आली तर लोक पेशंट हलला असेल म्हणून सोडून देतात, नाहीतर स्लाइस रिपीट करतात आणि ती स्वच्छ येते, आणि दोष तसाच महिनोनमहिने राहतो. आम्ही कव्हर परत उघडायला लावली, एक स्क्रू पूर्ण आवळलेला नव्हता. आवळल्यावर तीच सिरीज परत चालवली, आणखी लांब, तेव्हा एकही रेघ नाही. खोलीतली हवा फार कोरडी असली तरी असे स्पाइक येतात म्हणून ह्युमिडिटीचा आकडा पण बघून घेतला, तो ठीक होता.

मग सॉफ्टवेअर.

नवीन व्हर्जन आल्यावर तिसरी मोजणी केली आणि पहिला धक्का चांगल्या बाजूचा होता, एसएनआर (नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती ते) वाढलेला. सगळे खूश. मला मात्र हे पटेना, कारण कॉइल तीच, मॅग्नेट तोच, पाणी तेच, व्हॉक्सेल आणि बँडविड्थ तेवढीच, मग सिग्नल येणार कुठून? एसएनआर मी दोन इमेजच्या वजाबाकीनं काढते, नेमाच्या (विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांची अमेरिकन संघटना) स्टँडर्डमध्ये दिलेली पद्धत, एकच स्कॅन लागोपाठ दोनदा घ्यायचा, एकातून दुसरा वजा करायचा, वजाबाकीत उरलेल्या नॉइजचं स्टँडर्ड डेव्हिएशन घ्यायचं आणि सिग्नलच्या सरासरीला दोनाच्या वर्गमुळानं गुणून त्यानं भागायचं. फँटमच्या बाहेरच्या हवेत आरओआय (मोजण्यासाठी आखलेला भाग) ठेवून नॉइज मोजायची जुनी सवय आता सोडायला हवी असं मला वाटतं, बऱ्याच चॅनलच्या कॉइलमध्ये आणि पॅरलल इमेजिंगमध्ये (कॉइलच्या चॅनलचा उपयोग करून स्कॅन लवकर उरकणं) हवेतला नॉइज पेशंटमधल्या नॉइजबद्दल काही सांगत नाही, आणि काही रिकन्स्ट्रक्शन (कच्च्या डेटावरून इमेज बनवायच्या पद्धती) तर हवा सरळ काळी करून टाकतात. पण वजाबाकीची पद्धत सुद्धा इमेजवर फिल्टर लागला तर फसते, कारण फिल्टरनं नॉइज मऊ होतो आणि आकडा फुगतो.

म्हणून रेझोल्यूशनच्या जाळ्या बघितल्या. त्यात १.१, १.० आणि ०.९ मिमीची छिद्रं असतात, या स्कॅनला १.० ची छिद्रं वेगळी दिसली की पास. ती दिसत होती. पण आधीच्या इमेजमध्ये ०.९ ची छिद्रं सुद्धा बरीचशी वेगळी दिसायची ती आता एकमेकांत मिसळल्यासारखी झाली होती, पासच्या रेषेवर काही फरक नाही पण जे हातात होतं त्यातलं थोडं गेलं. मग लो कॉन्ट्रास्टच्या चकत्या मोजल्या. चार चकत्या असतात, १.४, २.५, ३.६ आणि ५.१ टक्के कॉन्ट्रास्टच्या, प्रत्येकीवर तीन तीन छिद्रांचे दहा आरे, ७ मिमीपासून १.५ मिमीपर्यंत लहान होत जाणारे. खरोखर एसएनआर वाढला असता तर जास्त आरे दिसायला हवे होते. मी आणि माझी सहकारी, दोघींनी वेगवेगळं मोजलं, कुठली इमेज जुन्या व्हर्जनची आणि कुठली नव्याची हे न सांगता, तोच मॉनिटर, तोच अंधार. आरे वाढलेच नाहीत.

तिथून शोध सोपा झाला, कारण आधी एक्सपोर्ट केलेली प्रोटोकॉलची यादी हातात होती. जुनी आणि नवी यादी ओळीनं ताडून बघितली तर प्रोटोकॉल नव्या व्हर्जनमध्ये बदलून घेताना बऱ्याच सिरीजवर एक इमेज फिल्टर आपोआप चालू झाला होता. काही ठिकाणी डिस्टॉर्शन करेक्शनची सेटिंगही बदललेली होती. स्क्रीनवरच्या पहिल्या पानावर यातलं काहीही दिसत नव्हतं, टीआर, टीई (स्कॅनमधल्या वेळांच्या सेटिंग), एफओव्ही सगळं जसंच्या तसं. फिल्टर बंद करून परत मोजलं तर एसएनआर बरोबर मधल्या मोजणीच्या आकड्यावर आला. ती मधली मोजणी नसती तर मी सांगूच शकले नसते की हा वाढीव आकडा नवीन ॲम्प्लिफायरमुळे नाही म्हणून.

नव्या व्हर्जनबरोबर डीप लर्निंगवालं रिकन्स्ट्रक्शन पण आलंय. ते वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, वेळ वाचतो, दुखणाऱ्या पेशंटला कमी वेळ पडून राहावं लागतं आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण ते चालू असताना फँटमवर मोजलेला एसएनआर जुन्या आकड्यांच्या रांगेत ठेवायचा नाही. क्वालिटी टेस्टचे प्रोटोकॉल मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले, सगळे फिल्टर बंद, नवं रिकन्स्ट्रक्शन बंद, आणि पेशंटच्या प्रोटोकॉलमध्ये काय चालू ठेवायचं ते डॉक्टरांनी इमेज बघून ठरवलं.

कॉइलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हेड कॉइलमध्ये बरेच एलिमेंट असतात आणि त्यातला एखादा मेला तरी एकत्र केलेली इमेज बघून पटकन कळत नाही, कारण नॉर्मलायझेशन (इमेजचा उजळपणा सगळीकडे सारखा करणारी प्रक्रिया) ती कमी भरून काढतं, तिथे फक्त नॉइज वाढतो. युनिफॉर्मिटीचा आकडा सुद्धा छान येतो. त्यामुळे प्रत्येक एलिमेंटची वेगळी इमेज सेव्ह करून बघायची, नॉर्मलायझेशनशिवाय. ही वेगळ्या इमेज ठेवण्याची सेटिंग अपग्रेडमध्ये पुसली गेली होती, ती परत लावली आणि सगळ्या कॉइल एक एक करून तपासल्या, हेड, स्पाइन, बॉडी, गुडघा. कंटाळवाणं काम आहे आणि याच कामावर बहुतेक ठिकाणी काट मारली जाते. सगळ्या कॉइल नीट होत्या.

शेवटी डिफ्यूजन. यासाठी महागडा फँटम नसला तरी चालतं, बर्फाच्या पाण्यात ठेवलेली साध्या पाण्याची बाटली पुरते. शून्य अंशाला पाण्याचा डिफ्यूजन कोएफिशंट ठाऊक आहे, ०.००११ चौरस मिमी प्रति सेकंद, आणि बर्फ शिल्लक आहे तोपर्यंत तापमान हलत नाही, म्हणून हा भरवशाचा आकडा आहे. बाटली तास दीड तास बर्फात ठेवायची, स्कॅन संपेपर्यंत आजूबाजूला बर्फ उरला पाहिजे, डबा घट्ट झाकणाचा घ्यायचा कारण कॉइलवर पाणी सांडलं तर वेगळंच काम वाढेल, आणि बाटली मॅग्नेटच्या मध्यावर ठेवायची, मध्यापासून लांब गेलं की ग्रेडियंटच सारखा राहत नाही. एडीसी मॅपवर हा आकडा बहुतेक वेळा दहा लाखांनी गुणून ठेवलेला असतो म्हणजे ११०० च्या आसपास दिसायला हवा. कन्सोलवर तसाच दिसला, तिन्ही दिशांमध्ये एकसारखा, म्हणजे ग्रेडियंटचं कॅलिब्रेशन नीट बसलंय याची दुसरी खात्री झाली.

मग तीच इमेज मी रिपोर्टिंग रूममध्ये पॅक्सवर (इमेज साठवून दाखवणारी हॉस्पिटलची सिस्टिम) उघडली, तर तिथे आकडा दहापट वेगळा. इमेज डोळ्यांना अगदी तीच, फक्त आरओआय ठेवला की आकडा वेगळा. नव्या व्हर्जननं मॅपबरोबर जाणारा स्केलचा टॅग वेगळ्या पद्धतीनं लिहायला सुरुवात केली होती आणि पॅक्स तो वाचत नव्हतं. प्रोस्टेटच्या रिपोर्टमध्ये डॉक्टर एडीसीचा आकडा लिहितात, आणि कन्सोलवर बसून कितीही टेस्ट केल्या असत्या तरी हे सापडलं नसतं. पॅक्सच्या माणसांनी दुरुस्त करेपर्यंत डॉक्टरांनी एडीसी कन्सोलवरून वाचायचा असं ठरलं आणि तशी चिठ्ठी रिपोर्टिंगच्या टेबलावर लावली.

आता मशीन पेशंटसाठी सुरू आहे. अपग्रेडची तारीख रिपोर्टिंग टीमला कळवलीय, ज्यांचे जुने स्कॅन तुलनेला घेतले जाणार त्यांच्या बाबतीत कुठल्या सिरीज आधी फिल्टरशिवाय होत्या त्याची यादी सोबत दिलीय, आणि फँटम नेहमीपेक्षा जास्त वेळा लावून नवीन बेसलाइन बनवतेय. डिफॉल्ट सेटिंगमध्ये काय काय बदललं त्याची पूर्ण यादी कंपनीकडून मागितलीय, ती आली की माझ्या ताडलेल्या यादीशी लावून बघणार आहे, स्पाइनचे प्रोटोकॉल आधी, कारण तिथे सगळ्यात जास्त सिरीज बदललेल्या दिसतायत.